सेवेरिनोचा अंगठा

सेवेरिनो तेस्सारोलोला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या पेटीला नाक लावून उभा होता. शालू, नथी, दोन टोप आणि रंगभूमीवरची माझी अशीच बाकीची दौलत त्या पत्र्याच्या पेटीत होती.

"वास कशाचा येतो?" त्यानं विचारलं.

"मोगऱ्याच्या अत्तराचा."

"फवारता?"

"बाबा रे, कानामागे लावते. तुझ्या द्राक्षांना नाही."

त्याच्या जाड भुवया वर गेल्या, खाली आल्या. मग त्यानं पेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि तो म्हणाला, "वारा पश्चिमेचा असला की खिडकी लावून घ्यायची."

अशी मी तेस्सारोलोंच्या मळ्यात राहायला आले. माझा नवरा कॉलिन ह्याच खोऱ्यातला, आमच्या फिरत्या नाटक कंपनीत दिवे सांभाळायचा. तो वारल्यावर मला दुसरीकडे कुठं जावंसं वाटेना. सेवेरिनोकडे तंबाखू वाळवायची एक उंच, बिनखिडक्यांची भट्टी रिकामी पडली होती. तिला एक खिडकी पाडून त्यानं ती मला राहायला दिली. किंग नदीच्या ह्या खोऱ्यात अशा भट्ट्या शेताशेतात उभ्या आहेत. इटलीहून आलेल्या माणसांनी आधी इथं तंबाखू पिकवला, तंबाखू संपला तेव्हा द्राक्षं लावली. माझी खिडकी नेमकी खालच्या उतारावर उघडते. बाल्कनीतली पहिली रांग! बसल्या जागी सगळा मळा दिसतो.

तो मला नटीबाई म्हणायचा. त्याची मुलगी लोरेना मला त्सिया म्हणायची. इटलीच्या लोकांत मावशीला तसं म्हणतात.

सेवेरिनो संशयी होता हे सांगायला कुणाची गरज लागत नसे. पाव विकत आणला की तो उलटा करून बघायचा. पाद्रीबाबांनी प्रवचन लवकर संपवलं तर त्यांना कुठं जायची घाई आहे म्हणून दारापर्यंत मागे जायचा. शेजारी क्लेम रडक मांसासाठी गुरं पाळतो, गडगडून हसणारा माणूस. तो एकदा म्हणाला, "सेव्ह, तू मेलास ना, की स्वर्गाच्या दारात आधी दाराचीच ओळख विचारशील."

"का नको विचारू?" सेवेरिनो म्हणाला. "दार कुणाचंही असू शकतं."

ह्या संशयाचा जन्म मला ठाऊक आहे. एकदा सुगीनंतर, मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाताखाता, त्यानं आपणहून सांगितला. त्याचे वडील बोर्तोलो तंबाखूवर फवारायचं औषध पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे. औषध विकायला आलेला माणूस हसून म्हणाला होता, "पाण्यासारखं आहे हो, पिऊन दाखवू?" दाखवलं मात्र नाही. पुढं बोर्तोलोंचे हात थरथरायला लागले, मग घास तोंडापर्यंत जाईना. लग्नाच्या वयाचा सेवेरिनो बापाला चमच्यानं भरवायचा. औषधानंच झालं असं कुठल्याही डॉक्टरनं लिहून दिलं नाही. सेवेरिनोला लिहून नकोच होतं. द्राक्षं लावली त्या दिवशी त्यानं ठरवलं, ह्या जमिनीवर बाटलीतलं काही पडणार नाही.

मग तो बायोडायनॅमिक पद्धतीकडे वळला. चंद्राच्या कला पाहून छाटणी, शेणाची आणि पाल्याची औषधं, आणि सगळ्यांत मोठं काम शिंगांचं. ईस्टरच्या सुमाराला, दक्षिण गोलार्धातली थंडी पडायला लागली की, गायीच्या शिंगांत ताजं शेण ठासून ती पुरायची. हिवाळाभर जमिनीत राहिली की वसंतात उकरायची. शेणाचं तोवर काळं, मऊ, रानातल्या मातीसारखं वास येणारं काहीतरी झालेलं असतं. त्यातलं मूठभर पाण्याच्या पिंपात टाकून तासभर ढवळायचं. एका बाजूनं असं की मध्ये खोल भोवरा पडावा, मग तो मोडून उलट बाजूनं. थांबायचं नाही. मग ते पाणी संध्याकाळी वेलींखालच्या मातीवर शिंपडायचं. मी हसले होते पहिल्यांदा. पण एक वर्ष मीही ढवळलं, आणि लक्षात आलं की अख्खा तास एका तालात हात चालवणं म्हणजे काय ते मी नाटकातही कधी केलं नव्हतं.

शिंग मात्र गायीचंच हवं. बैलाचं चालत नाही, त्यात शेण शेणच राहतं. गाय विते तशी तिच्या शिंगाच्या बुडाशी कडी उमटते, बैलाचं शिंग गुळगुळीत. क्लेम त्याच्या गुरांची शिंगं पोतं भरून आणून टाकायचा, गायीबैलांची सरमिसळ. सेवेरिनो ते पोतं घेऊन शेडमध्ये जायचा, दार लावायचा आणि एकटा बसून शिंगं निवडायचा. डोळ्यांवरही त्याचा विश्वास नव्हता, म्हणून न बघता अंगठा बुडाशी फिरवायचा. कडी लागली तर डावीकडे, नाही लागली तर क्लेमला परत. ह्या कामात त्यानं कधी कुणाला, लोरेनालाही, हात लावू दिला नाही.

फाटकावर एक पत्र्याची पाटी आहे. वर 'तेस्सारोलो' आणि खाली मोकळी जागा. रंगवणाऱ्यानं ती जागा मुद्दाम सोडली होती, तिथं 'आणि मुलगी' यायचं होतं. लोरेना शहरातली नोकरी सोडून परत आली त्याला आता बरीच वर्षं झाली. छाटणी तिची, तळघरातली पिंपं तिची, ट्रॅक्टर तिचा. पाटीवरची जागा तशीच.

"पपा, रंग आणू?" ती दर सुगीला विचारायची.

"खात्री होऊ दे."

"कसली खात्री?"

"ती झाली की कळेल."

त्या वर्षी मात्र त्याचा गुडघा दगा देऊन गेला. वांगारट्टाच्या दवाखान्यात गुडघा बदलायला जाताना तो मला म्हणाला, "नटीबाई, ह्या सुगीनंतर ठरवणार. मळा तिच्या हातात द्यायचा, नाहीतर वेली उपटून जमीन क्लेमच्या गुरांना. लक्ष ठेवा." मला त्या क्षणी वाटलं, पडदा उघडायच्या आधीच आपल्याला कुणीतरी गुप्तहेराची भूमिका देऊन गेलं. संवाद मात्र दिले नाहीत.

तो दवाखान्यात असताना शिंगं उकरायचा दिवस आला आणि ती लोरेनानं एकटीनं उकरली. परत आल्यावर त्यानं पहिलं तेच विचारलं.

"कशी निघाली?"

"छान निघाली, पपा." तिनं एक मातीचं भांडं पुढं केलं. त्यानं वास घेतला, मान हलवली आणि काठी टेकत टेकत वरच्या उतारासाठी स्वतः ढवळलं. खालचा उतार आपण शिंगं उकरली त्याच दिवशी करून टाकला, असं लोरेना म्हणाली.

मग वसंत चढत गेला. पाऊस थांबेचना. खोऱ्यात ज्याच्यात्याच्या पानांवर तेलकट पिवळे डाग पडायला लागले, खालून पांढरी बुरशी. पलीकडच्या मोठ्या मळ्यांत फवारणीची यंत्रं दिवसभर भुंकायची. सेवेरिनो रोज आपल्या वेलींची पानं उलटून बघत होता. पानं स्वच्छ. दुसरा कुणी असता तर त्यानं देवापुढं मेणबत्ती लावली असती. सेवेरिनो संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"रोग का नाही पडला?"

"अरे, आनंद मान की!"

"वरच्या उतारावर थोडे डाग आहेत. ते मी केलं. खालचा उतार स्वच्छ आहे, तो तिनं केला." तो आत आला, माझ्या शेगडीवरचं कॉफीचं तापलेलं भांडं मुठीत धरून त्यानं कपात कॉफी ओतली आणि बोटसुद्धा मागे घेतलं नाही. मला ती इटालियन ऐट वाटली. "काय मारलंय तिनं तिथं?"

"सेवेरिनो, ती तुझी मुलगी आहे."

"म्हणून तर विचारतोय. दुसऱ्याची असती तर गेलो असतो झोपायला."

त्या दिवसापासून माझ्या बाल्कनीचं तिकीट त्यानं स्वतःकडे घेतलं. तो खिडकीशी बसे आणि एकेक पुरावा माझ्यापुढं मांडे. रविवारी, तो चर्चला जाऊन आल्यावर, खालच्या उतारावर ट्रॅक्टरचे ताजे माग दिसतात. लोरेनाच्या खिशात रबरी हातमोजे. शेडमागे झाकलेली पोती, तिच्याशिवाय कुणी तिकडं जात नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे डॅरिल हॉबडेची गाडी. डॅरिल खोऱ्यात बुरशीची औषधं विकतो. त्याची पांढरी गाडी, मागे औषधांचे डबे, आमच्या फाटकाशी दोनदा उभी होती.

"तो तिच्यावर डोळा ठेवून असेल," मी म्हटलं. "एकाच वयाची पोरं आहेत."

"औषधवाल्यावर प्रेम? त्यापेक्षा विष मारलेलं बरं." बोलताबोलता त्याच्या हातातला ग्लास सटकून फुटला. तो तुकड्यांकडे बघत राहिला. "ग्लासाला कुणीतरी तेल लावलंय."

"हो, मीच लावते. रात्री जागून."

त्याला हसू आलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, आतून बरं वाटत नव्हतं. संशय हा साथीचा रोग आहे. लोरेना अंगणात भेटली की मी तिच्या हातमोज्यांकडे बघायला लागले होते. "त्सिया, काय बघतेस?" ती विचारायची आणि मी, चाळीस वर्षं रंगमंचावर खोटं बोललेली बाई, उत्तर विसरायचे.

पुढच्या रविवारी त्यानं नवा सदरा घातला. बटणं लोरेनानं लावून दिली. क्लेमच्या गाडीत बसून तो चर्चला निघाला आणि वळणावर उतरून नदीकाठानं, नवा गुडघा ओढत, माझ्या भट्टीत परत आला.

"देव?" मी विचारलं.

"देवाला सांगितलंय. तो समजून घेईल, तोही बघत असतो."

आम्ही दोघं पडद्याआड बसलो. विंगेत एंट्रीची वाट बघत उभं राहावं तसे. थोड्या वेळानं डॅरिलची गाडी आली. त्यानं मागून एक झाकलेली बादली काढली, लोरेनानं ती घेतली, दोघं शेडकडे गेले. सेवेरिनोचा श्वास मला ऐकू येत होता.

"बघा," तो म्हणाला. "बघा. बादली."

"थांब जरा."

"माझ्या बापाच्या वेळी कुणी थांबलं नाही."

तो उठला आणि गेला. काठी इथंच राहिली. मी मागून धावले, माझ्या वयाची बाई जितकी धावू शकते तितकी.

शेडमध्ये लोरेना पिंपाशी उभी होती. हातात लांब दांडा, पिंपातलं पाणी गरगरत होतं. डॅरिल एका पेटीवर बसून सफरचंद खात होता. बापाला बघून लोरेनाचा हात थांबला.

"पपा? चर्च?"

"बादलीत काय आहे?"

तिनं पायानं बादली मागे सरकवली.

"खालच्या उतारावर काय मारत होतीस इतके रविवार? ह्याच्या गाडीतलं काय आणलंस? सेंद्रिय मळ्याचा दाखला देणाऱ्या तपासनिसाला मी आजच फोन करतो. पाटी मी स्वतः उतरवतो. उपटतो सगळ्या वेली, उद्या क्लेमची गुरं चरतील इथं."

"विष नाही ते, पपा."

"तसंच म्हणाला होता तो. हसत म्हणाला होता. पाण्यासारखं आहे." सेवेरिनोचा आवाज फाटला. "मग पिऊन दाखव!"

लोरेनानं खुंटीवरचा पत्र्याचा मग काढला, पिंपात बुडवला आणि बापाच्या डोळ्यांत बघत सगळा प्यायली. डॅरिलच्या हातातलं सफरचंद खाली पडलं. रंगभूमीवर मी विषाचे पेले कितीतरी बघितले, स्वतःही प्याले, मरूनही दाखवलं. पण पेला रिकामा झाल्यावर इतकी शांतता कुठल्या थिएटरात ऐकली नाही.

सेवेरिनोनं बादलीवरचं झाकण काढलं. आत वाकला. वास घेतला. पुन्हा घेतला.

"हे शिंगातलं आहे," तो म्हणाला. "उत्तम आहे." आणि क्षणभर वाटलं की आता सगळं संपलं. पण नाही, भुवया पुन्हा एकत्र आल्या. "मग लपवलंस का? चांगली गोष्ट कुणी लपवतं? काय शिजतंय इथं?"

लोरेना खाली बघत होती. तिनं ओठ असे घट्ट मिटले होते की मला कळलं, ही पोर मळा जाऊ देईल पण बोलणार नाही.

बोलला तो डॅरिल. "अहो, तुमची बहुतेक शिंगं बैलाची निघाली म्हणून माझ्या आईनं..."

"डॅरिल, गप्प!"

"...तिच्याकडचं दिलं, आधी भांडंभर, मग बादलीबादलीनं. टेकडीपलीकडे तिच्या दुभत्या गायी आहेत, ती हेच करते. मला तर घरात घ्यायच्या आधी बूट बाहेर काढायला लावते."

"बैलाची?" सेवेरिनो हसला. खरंच हसला. "माझ्या हातून? आण. आण ती शिंगं."

शेडमागची झाकलेली पोती लोरेनानं ओढत आणली. उघडली. आतल्या शिंगांत शेण हिरवंच होतं, ओलं, कालच्यासारखं. सेवेरिनोनं एक शिंग उचललं, बुडाशी अंगठा फिरवला, सावकाश, मोठ्या दिमाखानं.

"ह्या काय कड्या," तो म्हणाला.

आम्ही तिघं बघत होतो. शिंग गुळगुळीत होतं, काचेसारखं.

"ह्या काय," तो पुन्हा म्हणाला. आमच्या तोंडांकडे त्यानं आळीपाळीनं बघितलं. बहुधा आम्ही तिघं एकमेकांना सामील आहोत असं त्याला वाटलं असावं. मग तोही संशय त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेला. तापलेलं कॉफीचं भांडं मला त्या क्षणी आठवलं. फुटलेला ग्लास. लोरेनानं लावून दिलेली बटणं.

"पपा," लोरेना हळूच म्हणाली, "ओठाला लावून बघ."

त्यानं शिंगाचं बूड खालच्या ओठावरून फिरवलं. एकदा, मग उलट. तिनं डॅरिलच्या आईकडून आणलेलं दुसरं शिंग त्याच्या हातात दिलं. तेही त्यानं ओठावरून फिरवलं आणि मध्येच थांबला. पुन्हा तिथूनच फिरवलं. दोन्ही शिंगं मांडीवर ठेवून तो उलट्या पेटीवर बसला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मागच्या वर्षीच्या छाटणीपासून. कात्री धरली तरी धरल्यासारखं वाटत नाही, आणि जिथं काही नाही तिथं खरखर लागते." तो अंगठ्याकडे बघत होता, जणू तो अंगठा दुसऱ्याच कुणाचा आहे आणि रात्री येऊन बदलून गेलाय. "आधी दोन बोटं. मग हा."

"सांगायचं होतंस."

"कुणाला?"

"मला!"

"तू सांगितलंस मला, बैलाची निघाली म्हणून?"

तिला रडू यायला लागलं, आणि त्याला ते बघवेना म्हणून तो पिंपाकडे वळला. भोवरा केव्हाच विरला होता, पाणी संथ पडलं होतं.

"पाणी थांबलं," तो म्हणाला. "सगळं फुकट. दुसरं घे, पहिल्यापासून." आणि डॅरिलकडे बोट दाखवून, "तू बूट काढ. ते बूट घालून माझ्या शेडमध्ये बसतोस?"

डॅरिलनं मुकाट्यानं बूट काढले. लोरेनानं नवं पाणी भरलं, बादलीतलं मूठभर टाकलं आणि दांडा हातात घेतला. सेवेरिनो पेटीवरून हलला नाही. अख्खा तास तो तिच्या हाताकडे बघत बसला. "खोल," मध्येच म्हणायचा. "आता मोड. आता उलट." जरा वेळानं तेही थांबलं.

वरच्या उतारावरची थोडी द्राक्षं त्या वर्षी गेली, खालचा उतार तरला. तो का तरला हे मला विचारू नका. सेवेरिनोही अजून सांगत नाही, त्याला वाऱ्याचा संशय आहे. वांगारट्टाच्या डॉक्टरांकडे तो लोरेनाबरोबर जातो आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या उजेडात धरून बघतो.

सुगी आटोपून ईस्टर आला, तेव्हा क्लेमनं नेहमीसारखं पोतं आणून टाकलं. ह्या खेपेला शेडचं दार उघडं होतं. लोरेना खाली बसून शिंगं निवडत होती, तिचा अंगठा बुडाशी भराभर फिरत होता. शेजारी सेवेरिनो. तिनं डावीकडे ठेवलेलं प्रत्येक शिंग तो उचलायचा, ओठावरून फिरवायचा आणि परत डावीकडेच ठेवायचा.

"सेव्ह," क्लेम दारातून ओरडला, "इतकी चुंबनं तू लग्नातसुद्धा दिली नसशील!"

"तुझ्या पोत्यावर माझा विश्वास नाही," सेवेरिनो म्हणाला.

"आणि तिच्या अंगठ्यावर?"

पुढचं शिंग मात्र त्यानं ओठाला न लावताच डावीकडे ठेवलं. मग बहुधा चैन पडेना, म्हणून परत उचलून लावलं.

त्याच दुपारी फाटकाशी आवाज झाला म्हणून मी खिडकीतून बघितलं. लोरेना शिडीवर होती, पाटीवरच्या मोकळ्या जागेत रंगाचा कुंचला फिरवत होती. खाली सेवेरिनो दोन्ही हातांनी, छाती टेकून, शिडी धरून उभा होता.

"धरलंयस ना घट्ट, पपा?"

"तू वर बघ. आणि हा रंगाचा डबा, आणलास तेव्हा बंद होता का?"